विसाव्या ओव्हरनंतर

मंगळवार, ता. २

प्रिय बारकू,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. ‘दादाने संघातली जागा आपणहून सोडली, आणि हसत सोडली,’ असं मी लिहिलं होतं. यातलं काहीच खरं नाही. तो हसला नव्हता, आणि जागा त्याच्याकडे मागितली गेली होती. निवड समितीने नाही, बाबांनी मागितली.

मी त्या वेळी घरी नव्हते, हेही मी लिहायला हवं होतं. मला सगळं आईने सांगितलं, भांडी पुसता पुसता. आईचं तुला माहीत आहे. तिने सांगितलेल्या गोष्टीत शेवटी सगळे हसतातच, मग प्रत्यक्षात कोणी रडलेलं का असेना. मी तिचं ऐकलं आणि तसंच उतरवलं. तू ते वाचलंस आणि त्याच संध्याकाळी दादाच्या जुन्या ग्लोव्ह्जचा फोटो टाकून खाली लिहिलंस, ‘माझ्या दादाने हे आपणहून खाली ठेवले. आता मी उचलतो.’ ते किती जणांनी वाचलं ते मी मोजायला गेले नाही. आमच्या दवाखान्यात मनगट मोडलेल्या एका बाईंनीसुद्धा मला दाखवलं आणि म्हणाल्या, असे भाऊ हवेत. मी त्यांची मूठ उघडून-मिटून घेत होते. मान हलवली आणि मूठ पुन्हा उघडायला सांगितली.

आता खरं काय झालं ते. हे वहिनीकडून ऐकलंय. ती तिथे होती, आणि ती काही गोड करून सांगत नाही.

जेवणं झाली होती. बाबा म्हणाले, “या महिन्याच्या सामन्याला धाकट्याला स्टंपमागे उभं राहू दे.”

दादा म्हणाला, “तो खेळतोय ना. समितीचं पत्र गेलंय त्याला.”

“नुसता बॅट्समन म्हणून. तू आहेस तोवर ग्लोव्ह्ज त्याला कोण देणार? तू मॅनेजरला सांग.”

“आणि मी?”

“तू पुष्कळ उभा राहिलास.”

दादा उठला, हात धुवायला गेला. वहिनी म्हणते, नळ बराच वेळ चालू होता. मग बाहेर येऊन त्याने बाबांच्या समोरच मॅनेजरला फोन लावला. या मोसमात मला धरू नका, असं सांगितलं. एवढंच. वहिनी मला म्हणाली, “पुष्कळ म्हणे. पगारवाढ मागायला गेलं की साहेब म्हणतात तसं.”

बारकू, दादा अकरा मोसम प्रांताकडून खेळला. चार-चार दिवसांचे सामने. देशाकडून त्याला एकदाही बोलावणं आलं नाही, आणि ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. तुला एकविसाव्या वर्षी आलं. चार दिवसांचा एकही सामना न खेळता तू लीगमधून थेट देशाच्या वीस ओव्हरच्या संघात गेलास. आम्हाला आनंद झाला, दादाला तर सगळ्यात जास्त. टीव्हीवरचे लोक ‘एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता’ असं कौतुकाने म्हणायचे, तेव्हा बाबा मात्र आवाज कमी करायचे. मला एकदा म्हणाले होते, “पोरगं गच्चीवर पोचलंय. जिना कुठे आहे ते त्याला माहीत नाही. उतरायची वेळ आली तर?”

मला एवढंच म्हणायचंय. तू समितीला कळव की तू बॅट्समन म्हणूनच खेळशील आणि ग्लोव्ह्ज दादाकडेच राहू देत. तू देशाचा खेळाडू आहेस, तुझं ऐकतील. दादाने स्वतः परत मागितले तर तो बाबांचा शब्द खाली पाडल्यासारखा होईल, म्हणून तो मागणार नाही. तू सांगितलंस तर कोणाचंच काही पडत नाही.

हे नेहमीसारखं कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतेय. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करतोस आणि मागे कोणीतरी हसत असतं. टाइप करायला बसले की माझ्याकडून फार गुळगुळीत लिहिलं जातं.

तुझी ताई


रविवार, ता. ७

प्रिय बारकू,

तुझं उत्तर मिळालं. ‘ताई, बाबांशी बोललो. सगळं ठीक आहे म्हणाले. तू उगाच भिंग लावून बघतेस. दादाला हाय सांग.’

दादाला हाय सांगितलं. तो म्हणाला, “हाय काय हाय. फोन उचलून बोलायला बोटं मोडलीत का त्याची? बोटं मोडायचा मान घरात माझा आहे.”

परवा तो दवाखान्यात आला होता. उजव्या हाताची अनामिका पुन्हा सुजलीय. मी म्हटलं, “तू खेळत नाहीस, मग हे कसं झालं?” तेव्हा कळलं की तो रोज सरावाला जातो. संघात नाही, तरी मास्तरच्या गोलंदाजीला मागे उभा राहतो. मास्तर म्हणजे आपला तो शाळेत गणित शिकवणारा डावखुरा स्पिनर, तू लहानपणी त्याची टोपी पळवायचास तो. मागे कीपर नसला तर मास्तरची लय बिघडते म्हणे. “धाकटा येईल तेव्हा हा घडी बसलेला मिळायला हवा,” असं दादा म्हणाला.

मी गरम पाण्यात प्लास्टिकची पट्टी मऊ केली आणि त्याच्या बोटावर बसवायला घेतली. पट्टी कडक होईपर्यंत बोट हलवायचं नसतं, म्हणून बोलायला वेळ मिळतो. तेवढ्या वेळात त्याने मला तुझ्यासाठी निरोप सांगितले. मी तेच तुला लिहितेय, माझं काही घालत नाहीय.

म्हणाला, “त्याला सांग, मास्तरचा चेंडू टप्पा पडायच्या आधी उठायचं नाही. वीस ओव्हरच्या खेळात चेंडू गुडघ्याच्या वर येतोच, म्हणून त्याला आधी उठायची सवय लागलीय. इथे चौथ्या दिवशी बुटांनी उकरलेल्या खड्ड्यात पडलेला चेंडू घोट्यापर्यंतसुद्धा येत नाही. उठलास की गेला पायांतून. आणि सांग, दुपारच्या चहानंतर पहिली अर्धी ओव्हर स्वतःशी काहीतरी बडबडायचं. तेव्हा झोप येते.”

“झोप?” मी विचारलं.

“मग? दीड दिवस उठाबशा काढून बघ. मी एकदा अपील करायच्या ऐवजी जांभई दिली होती.”

मी हसले. तोही हसला. मग पट्टीकडे बघत म्हणाला, “तो करील. हात माझ्यापेक्षा चांगले आहेत त्याचे. हे नको लिहू, डोक्यात हवा जाईल.” मी लिहितेय, कारण खरं आहे आणि त्याने म्हटलंय.

तुला आठवतो का मागचा बोळ? आपली पहिली शाळा तीच. अक्षरओळख नंतर, चेंडूओळख आधी. बाबा कारखान्यातून यायचे, डबा खिडकीत ठेवायचे आणि चेंडू त्या उखडलेल्या भिंतीवर मारायला सुरुवात करायचे. तो कुठून कसा येईल याचा नेम नसायचा. दादा पकडायचा. मी सुटलेले आणून द्यायचे आणि बोटांना पट्ट्या बांधायला शिकायचे. आज त्यावरच माझं पोट चालतं. तू फार उशिरा आलास. तोवर घरमालकाने भिंत गुळगुळीत करून घेतली होती, आणि बाबाही थकले होते. तुला त्यांनी कधी रागावून शिकवलं नाही. ते तुझा खेळ नुसता बघत बसायचे.

बाबा बरे आहेत. तुझा परवाचा सामना आम्ही सगळ्यांनी पाहिला. ते सारखे मला स्कोअर विचारत होते. मी म्हटलं, “बाबा, समोर लिहिलेला आहे की.” म्हणाले, “तू वाच. तुझा आवाज बरा आहे.” मला बरं वाटलं. कधी नव्हे ते कौतुक.

तू समितीला अजून काही कळवलं नाहीस, हे मॅनेजरकडून कळलं. मी विचारायला गेले नव्हते, तो आईला बाजारात भेटला. बावीस तारखेला सोमवारी संघाने जमायचंय, पंचवीसला सामना. अजून वेळ आहे.

ताई


शनिवार, ता. १३

बारकू,

मला पुन्हा दुरुस्ती करायचीय. या वेळी ती इतकी मोठी आहे की आधीची दोन्ही पत्रं तू बाजूला ठेवलीस तरी चालेल.

दादा पट्टी बदलायला आला होता. मी चिडलेली होते. म्हटलं, “तू भांडला का नाहीस? बाबांनी मागितलं आणि तू काढून दिलंस, जसा काही पाण्याचा तांब्या.”

“भांडून काय करू, बाबांना रन आउट करू?”

“विनोद नको. मला खरं सांग.”

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर दोघं-तिघं थांबले होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “जज्जबाई, मागायच्या आधीपासून मला माहीत होतं ते मागणार आहेत. मी वाट बघत होतो.”

बारकू, बाबांचे डोळे जातायत.

पूर्ण नाही. मधला भाग जातोय. दोन महिन्यांपूर्वी दादाच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून गेले होते. डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद समोर धरला आणि रेघा कशा दिसतात ते विचारलं. बाबा म्हणाले, “मध्ये वाकड्या आहेत. आणि अगदी मध्ये काही नाहीच.” कडेचं सगळं दिसतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, “म्हणजे स्लिपमधला माणूस दिसेल, चेंडू दिसणार नाही.” डॉक्टरांना काही कळलं नाही. दादाला कळलं.

दर महिन्याला इंजेक्शन आहे. त्याने जाणं हळू होतं, थांबेलच असं नाही. डॉक्टरांनी कसलाच शब्द दिला नाही. परत येताना रिक्षात बाबा दुकानांच्या पाट्या वाचून बघत होते. मग म्हणाले, “धाकट्याला एकदा पांढऱ्या कपड्यांत बघायचंय. चार दिवस, स्टंपमागे. पुढचं मग कोणीतरी सांगत जा मला.” आणि हे घरात कोणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच, असं वचन घेतलं. तुझ्या खेळावर परिणाम होईल म्हणून.

आता मला सगळं दिसतंय, स्कोअर का विचारतात ते. परवा त्यांनी चहा बशीत ओतताना अर्धा टेबलावर सांडला आणि आईला म्हणाले, “हे टेबल कोणी हलवलं?” मी त्यांच्यासमोर बसून ते फडक्याने पुसलं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. दिवसभर मी लोकांचे हात बघते, कुठल्या बोटाला किती त्रास आहे ते न विचारता सांगते, आणि माझ्या बापाचा हात कपाच्या कडेला चाचपडत होता ते मला दिसलं नाही.

मी दादाला विचारलं, “त्यांना तुला नाही का बघावंसं वाटत?” मला विचारायला नको होतं.

तो म्हणाला, “मला अकरा वर्षं बघितलं ना त्यांनी.” मग पट्टीचा चिकट भाग नखाने खरवडत राहिला. “मागच्या मोसमातला शेवटचा सामना. ते आले होते, पत्र्याखाली बसले होते. नीट दिसेल असं ते शेवटचंच बघतायत हे तेव्हा माहीत असतं, तर जरा बरा उभा राहिलो असतो. दोन चेंडू मागे सोडून बाईज दिल्या मी त्या दिवशी. फालतू.”

मला पुढचा पेशंट घ्यायला सांगून तो निघून गेला.

म्हणून, ‘आपणहून’ हा शब्द मी आधी चुकीचा म्हटला होता, तो पूर्ण चुकीचा नव्हता. बाबांनी मागितलं हेही खरं आणि त्याने आधीच दिलेलं होतं हेही खरं. तू ग्लोव्ह्ज परत कर असं मी तुला सांगितलं होतं. ते मी मागे घेते. तू ये. नुसता ये. ग्लोव्ह्ज घाल आणि उभा राहा. दादाने जे सोडलंय ते कोणीतरी उचलायला हवं, नाहीतर ते जमिनीवरच पडून राहील.

हे तुला सांगायचं नाही असं दादाने मला बजावलं होतं. मी काही बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला त्याने हो समजलं असेल. ते त्याला समजू दिलं, हे माझ्याकडून झालं.

ताई


गुरुवार, ता. १८

बारकू,

काल रात्री तू स्वतः फोन केलास, त्याबद्दल मला बरं वाटलं. जे बोललो ते मी लिहून ठेवतेय, कारण उद्या तू म्हणशील की मी असं म्हटलंच नव्हतं, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवीन.

आधी तू म्हणालास की लीगचं सराव शिबिर आहे, तिथून सुट्टी मिळणार नाही. मग म्हणालास, “ताई, चार दिवसांच्या सामन्याने मला काय मिळणार? लोक जिथे जायला तो खेळतात तिथे मी आधीच पोचलोय.” मी म्हटलं, “बाबांचं वाचलंस ना?” तू म्हणालास, “वाचलं. दोनदा वाचलं.” मग तुझ्या मागचा गोंगाट एकदम बंद झाला. फोन कट झाला असं मला वाटलं.

मग तू विचारलंस, “खेळपट्टी कशी आहे?”

मी सांगितलं, दादा म्हणतो तिसऱ्या दुपारपासून फुटेल.

आणि तू म्हणालास, “ताई, एकविसाव्या ओव्हरला काय करतात?”

मला आधी कळलं नाही. तू पुन्हा म्हणालास, “मी विसाव्या ओव्हरच्या पुढे कधी उभाच राहिलो नाहीय. शाळेतसुद्धा नाही. वीस झाल्या की मी ग्लोव्ह्ज काढतो. आत कुठेतरी घड्याळ आहे, ते तेवढंच चालतं. इथे कोणाला कळत नाही. एक स्टंपिंग भारी झालं की आठवडाभर तेच दाखवतात. तिथे पहिल्या दिवशी जेवणाच्या आत सगळ्यांना कळेल. मास्तरला कळेल. दादाला कळेल.” आणि मग, “बाबांना कळेल.”

माझ्या तोंडावर आलं होतं की बाबांना आता दिसणार नाही, तू घाबरू नकोस. मी जीभ चावली. आपल्या भावाला धीर द्यायला मी बापाचे डोळे वापरायला निघाले होते. तुला ऐकू आलं नाही, पण तू जणू त्याचंच उत्तर दिलंस. म्हणालास, “त्यांना दिसायची गरजच नाही. ते पाठ करून बसले असले तरी आवाजावरून सांगायचे, चेंडू तळहातावर लागला की बोटांत बसला.”

खरं आहे. सांगायचे.

फोनवर सांगायचं राहिलं, ते आता लिहिते. दादाच्या पहिल्या सामन्याला मी बाबांबरोबर गेले होते. दादा तेव्हा तुझ्याएवढाच होता. पहिल्या तासात त्याच्या पायांतून दोन चेंडू गेले आणि एक सोपा झेल सुटला. जेवणाच्या सुट्टीत तो रोलर ठेवायच्या शेडमागे जाऊन ओकला. मी पाण्याची बाटली घेऊन गेले, बाबा माझ्या मागून आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. बाबांनी विचारलं, “मांड्या दुखतात का?” दादा हो म्हणाला. बाबा म्हणाले, “मग बरोबर बसतोयस. दुखत नसत्या तर मी चिडलो असतो.” आणि त्याचं तोंड धुवून दिलं.

हे दादाने तुला कधी सांगितलं नसणार. तुझ्यासमोर तो नेहमी असाच वागला की जसा तो जन्मतःच कीपर होता. मोठे भाऊ असं करतात आणि धाकट्यांचं त्याने नुकसान होतं.

तू पोचला आहेस, हे मी नाकारत नाहीय. तू कोणाला फसवलं नाहीस. तुला बोलावलं आणि तू गेलास, एकविसाव्या वर्षी कोण नाही म्हणेल? पण एकविसाव्या ओव्हरला काय करतात ते एकविसावीला उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि इथे तुझ्या मागे दोन पावलांवर ते माहीत असलेला माणूस असेल. दादा पाणी घेऊन मैदानात यायला तयार आहे. संघात नसलेला, अकरा मोसम खेळलेला माणूस, तुझ्यासाठी बाटल्या घेऊन. त्याने मॅनेजरला तसं विचारून ठेवलंय.

सोमवारी जमायचंय. येणार नसशील तर निदान उद्यापर्यंत कळव. तू नाही म्हणालास तर मॅनेजर दादाला परत घेऊ शकतो. नाव द्यायची मुदत शनिवारची आहे. तू काहीच म्हणाला नाहीस तर कोणालाच काही करता येत नाही.

ताई


सोमवार, ता. २२

बारकू,

तू आला नाहीस. शनिवारी कळवलंही नाहीस. आज सकाळी तुझं मॅनेजरला पत्र आलं, पाठीला त्रास आहे म्हणून.

मॅनेजर स्वतः घरी आला होता. बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून दारातच बोलला. “तुमच्या धाकट्याने दोन दिवस आधी सांगितलं असतं तर मोठ्यालाच घेतलं असतं हो. मोठ्याने स्वतःच नाही सांगितलेलं, तेव्हा शनिवारी राखीव म्हणून दुसऱ्या गावच्या कीपरचं नाव घातलं, आता तोच खेळणार. चांगला आहे.” त्याला वाईट वाटत होतं. आत येऊन पाणीसुद्धा प्यायला नाही.

तुला माहीत असावं म्हणून घरातलं सांगते. बाबांना अजून काही माहीत नाही. त्यांच्या हिशेबाने तू शिबिरामुळे एक दिवस उशिरा, उद्या रात्री थेट संघाच्या हॉटेलवर उतरणार आहेस. त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. बाहीवर दोन घड्या आल्यात, आईने बघितल्या आणि शर्ट तसाच हँगरला लावला. बसायची जागाही त्यांनी ठरवलीय. पत्र्याखाली नाही, साइटस्क्रीनच्या पांढऱ्या पडद्याच्या बाजूला, तिरकं. मला म्हणाले, “तिथून कडेने बरं दिसेल.” मला डोळ्यांचं माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. मी ‘का’ असं विचारलं नाही, ते त्यांच्या लक्षात आलं असेल का, याचा मी दिवसभर विचार करतेय.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. तो बुटांच्या नाड्या बदलत होता. कशासाठी, कोण जाणे. म्हणाला, “बाबांना मी सांगतो. बुधवारी, मास्तरचा शेवटचा सराव झाला की संध्याकाळी येतो.”

“काय सांगणार?”

“की मीच त्याला येऊ नको म्हणालो. जागा सोडताना चांगुलपणा केला, मग पोटात दुखायला लागलं, आणि त्याला फोन करून दम दिला. माझं वय झालंय, मला जळायचा हक्क आहे.”

वहिनी हातातलं टाकून आत निघून गेली.

मी म्हटलं, “बाबा तुझ्याशी बोलायचे बंद होतील.”

“जज्जबाई, तसेही ते माझ्याशी त्याच्याबद्दलच बोलतात.” मग म्हणाला, “बघ, तो आला नाही हे त्यांना लागणारच. पण त्याला यायचं होतं आणि मी अडवलं, असं असलं तर त्यांचा धाकटा शाबूत राहतो. त्यांच्याकडे आता बघायला फार उरलेलं नाही. जे आहे ते चांगलं दिसू दे.”

मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो बोलतो तेव्हा सगळं बरोबर वाटतं, बाहेर रस्त्यावर आल्यावर कळतं की त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. अकरा मोसमांनंतर माणसाकडे काय उरतं? बाबांना माहीत आहे की मोठ्याने कधी हात आखडता घेतला नाही. एवढंच आहे त्याच्याकडे. तेही तो तुझ्यासाठी देऊन टाकायला निघालाय, आणि या वेळीही कोणी त्याला नको म्हणणार नाही. तू म्हणणार नाहीस. तुला कळलं नसतं, मी लिहिलं नसतं तर.

म्हणून मी ठरवलंय की बाबांना मी सांगणार, दादा पोचायच्या आधी. तुझी पाठ नाही, लीगचं शिबिर नाही, दादाचं जळणं तर नाहीच. तू घाबरलास, हे सांगणार. तू मला विचारलंस ते तुझ्याच शब्दांत सांगणार, की एकविसाव्या ओव्हरला काय करतात. त्यांना लागेल. ते मला म्हणतील की तू कोण सांगणारी. कदाचित ते सामन्याला येणारच नाहीत आणि तो शर्ट तसाच हँगरवर राहील. मला हे सगळं दिसतंय. पण घाबरलेल्या मुलाचं काय करायचं ते बाबांना माहीत आहे. जळणाऱ्या मुलाचं त्यांना माहीत नाही, कारण तसा मुलगा त्यांना झालाच नाही.

तुझ्यावरचा माझा जीव कमी झाला म्हणून मी हे करत नाहीय. हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिते, कारण मागच्या काही दिवसांत मी गृहीत धरलेलं काहीच बरोबर निघालं नाही.

तू आधी सांगितलंस तर फार बरं होईल. त्यांना तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं. उद्याचा पूर्ण दिवस तुझा आहे, फोन त्यांच्या उशाशी असतो, आणि स्क्रीनवरचं नाव आता त्यांना वाचता येत नाही, तेव्हा पहिल्यांदा ‘बाबा, मी बारकू’ असं म्हण.

नाही आला तुझा फोन, तर परवा, बुधवारी, चोवीस तारखेला, सकाळी आई दूध आणायला बाहेर पडली की मी त्यांच्यासमोर बसणार आहे.

ताई